अरब देशांत मतपेटी का रुजली नाही?
नालासोपाऱ्याच्या झकेरिया पिता-पुत्रांनी शोधलेले उत्तर

रमजान लागला की पिंपरी कॅम्पात, कासारवाडीत आणि चाकणच्या बाजारपेठेत हातगाड्यांवर खजुराचे खोके रचले जातात. खोक्यांवर देशांची नावे असतात: इराक, सौदी अरेबिया, ट्युनिशिया, जॉर्डन, ओमान. दुसऱ्या पाळीचा कामगार कंपनीच्या कॅन्टीनमध्ये याच खजुराने रोजा सोडतो आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या हातावरही एक ठेवतो. अशा वेळी गप्पांच्या ओघात कधीतरी एक प्रश्न येतो, 'तुमच्या त्या अरब देशांत निवडणुका का होत नाहीत हो?' विचारणाऱ्याच्या मनात खोट असतेच असे नाही. बऱ्याचदा निव्वळ कुतूहल असते. पण ज्याला विचारले जाते त्याची पंचाईत होते. त्याचा जन्म भोसरीचा, मतदार यादीत नाव भोसरीच्या, आणि अरब देश त्याने टीव्हीवरच पाहिलेले. 'तुमच्या' हा शब्द त्याला बोचतो. तरी प्रश्न उरतोच, कारण तो खोटा नाही.

या प्रश्नाचा जगभर सर्वाधिक वाचला गेलेला शोध ज्यांनी घेतला, त्यांत महाराष्ट्राच्या मातीतले एक नाव आहे, फरीद झकेरिया. अमेरिकेतील पत्रकार आणि सीएनएन वाहिनीवरील चर्चेचा कार्यक्रम चालवणारे म्हणून ते अनेकांना ठाऊक असतात. पण त्यांचे मूळ काम राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचे. अरब राजकारणावरचे त्यांचे लेखन समजून घेण्यासाठी आधी त्यांच्या घरात डोकावावे लागते.

बापाचा प्रश्न, मुलाचे उत्तर

फरीद यांचे वडील डॉ. रफिक झकेरिया यांचा जन्म १९२० मध्ये नालासोपाऱ्याचा. लंडन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते परतले, वकिली केली आणि काँग्रेसच्या राजकारणात आले. १९६२ मध्ये औरंगाबादमधून विधानसभेवर निवडून आले, राज्यात मंत्री झाले. औरंगाबादेत त्यांनी मौलाना आझाद कॉलेज सुरू केले. मराठवाड्यातील मुस्लिम मुलामुलींच्या दोन-तीन पिढ्या त्या कॉलेजमधून शिकून बाहेर पडल्या. राजकारणाच्या धबडग्यातही त्यांची लेखणी थांबली नाही. १९८८ मध्ये त्यांचे 'द स्ट्रगल विदिन इस्लाम' हे पुस्तक आले. धर्म आणि राजसत्ता यांच्यात इस्लामच्या इतिहासात सतत चाललेली ओढाताण हा त्याचा विषय. पहिल्या खलिफांपासून इराणच्या क्रांतीपर्यंतचा पट त्यांनी त्यात मांडला. आई फातिमा झकेरिया या मुंबईतील नामवंत पत्रकार आणि संपादक होत्या.

अशा घरात १९६४ मध्ये फरीद यांचा जन्म झाला. मुंबईत शालेय शिक्षण, मग अमेरिकेत येल विद्यापीठ आणि १९९३ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. तिथे सॅम्युअल हंटिंग्टन हे त्यांचे मार्गदर्शक. संस्कृतींच्या संघर्षाचा गाजलेला सिद्धांत मांडणारे तेच हे हंटिंग्टन. तो लेख १९९३ मध्ये 'फॉरेन अफेअर्स' या नियतकालिकात आला तेव्हा फरीद तिथेच व्यवस्थापकीय संपादक होते. पण अरब जगाचा अभ्यास करताना शिष्याने गुरूची वाट धरली नाही. धर्म आणि संस्कृती यांवर सारे खापर फोडण्यापेक्षा त्यांनी राज्यसंस्था, पैसा आणि इतिहास यांच्याकडे बोट दाखवले.

निवडणूक म्हणजे लोकशाही नव्हे

१९९७ मध्ये फरीद यांचा 'अनुदार लोकशाहीचा उदय' या आशयाचा लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा जगातील १९३ पैकी ११८ देशांत निवडणुका होत होत्या आणि सगळीकडे आनंदीआनंद होता. फरीद यांनी त्या आनंदात मिठाचा खडा टाकला. मतदान करून सरकार निवडणे ही एक गोष्ट आणि कायद्याचे राज्य, स्वतंत्र न्यायालय, बोलण्याचे व पूजा-प्रार्थनेचे स्वातंत्र्य, अल्पसंख्याकांचे संरक्षण ही दुसरी गोष्ट. पश्चिमेत या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. प्रत्यक्षात अनेक देशांत पहिली असते, दुसरी नसते. निवडून आलेला नेताच न्यायालयाचे हात बांधतो, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करतो आणि लोक त्याला पुन्हा निवडून देतात.

याच विचाराचा विस्तार त्यांनी २००३ च्या 'द फ्यूचर ऑफ फ्रीडम' या पुस्तकात केला. त्यातले एक संपूर्ण प्रकरण इस्लामी, विशेषतः अरब देशांवर आहे. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला ताजा होता. 'इस्लाममध्येच काहीतरी बिघाड आहे' असे सर्रास बोलले जात होते. फरीद यांनी आधी साधा हिशेब मांडला. जगातील मुसलमानांत अरबांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. इंडोनेशिया, बांगलादेश, तुर्कस्तान आणि भारत येथील कोट्यवधी मुसलमान मतदान करतात, सरकारे पाडतात, निवडतात. मग रोग धर्मात कसा? तो धर्मात असता तर ढाक्यापासून जकार्तापर्यंत सगळीकडे दिसला असता. दुखणे अरब राजवटींचे आहे, आणि त्याची कारणे तिथल्या गेल्या शे-सव्वाशे वर्षांत शोधली पाहिजेत.

तेल आले, मत गेले

त्यांनी दिलेले पहिले कारण म्हणजे पैशाचा मार्ग. राजाला प्रजेकडून कर हवा असतो, प्रजा बदल्यात हिशेब मागते आणि त्या मागणीतून हळूहळू संसद उभी राहते, हा युरोपचा अनुभव. आखातात उलटे झाले. तेल जमिनीतून आले आणि थेट राजाच्या तिजोरीत गेले. राजाने कर मागितला नाही, लोकांना घर, वीज, दवाखाना फुकट दिला. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही, त्याला जाब तरी कशाला द्यायचा? फरीद यांच्या मते कष्टाविना मिळालेली संपत्ती देशाला श्रीमंत करते, पण आधुनिक करत नाही. कारखाने, कारागीर, व्यापारी, कामगार यांतून जो मध्यमवर्ग तयार होतो आणि सरकारला प्रश्न विचारतो, तो तेलातून तयार होत नाही.

याच ठिकाणी त्यांनी अर्थशास्त्राचा एक अभ्यास वापरला. दरडोई वार्षिक उत्पन्न दीड हजार डॉलरच्या खाली असलेल्या देशांत लोकशाही सरासरी आठच वर्षे टिकते, सहा हजारांच्या वर गेली की ती सहसा कोसळत नाही, असा त्याचा निष्कर्ष. तेलाचे उत्पन्न मात्र या हिशेबात धरता येत नाही, असे फरीद बजावतात.

दुसरे कारण स्वप्नभंगाचे. १९५२ मध्ये इजिप्तमध्ये नासर यांच्या लष्करी गटाने राजाला हटवले तेव्हा अरब तरुणांना वाटले, आपली वेळ आली. समाजवाद, अरब ऐक्य, मोठी धरणे, कारखाने. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात ते स्वप्न विस्कटले. उरले ते लष्करी हुकूमशहा, त्यांचे गुप्त पोलीस आणि भिंतीवरच्या तसबिरी. पक्षांवर बंदी, वर्तमानपत्रांवर बंदी, सभांवर बंदी. लोकांना जमायला एकच जागा शिल्लक राहिली, मशीद. विरोधाचे सारे बोलणे तिथे गेले आणि त्याला धर्माची भाषा आली. १९२८ मध्ये इस्माइलियात स्थापन झालेली मुस्लिम ब्रदरहूड या संघटनेची ताकद अशी वाढत गेली. राजवट जितकी कठोर, तितका विरोध कडवा.

संयुक्त राष्ट्रांच्या २००२ च्या अरब मानव विकास अहवालानेही असेच निदान केले होते, आणि तो अरब अभ्यासकांनीच लिहिला होता. अरब जगाला तीन गोष्टींचा तुटवडा आहे, असे त्यात म्हटले होते: स्वातंत्र्य, ज्ञान आणि स्त्रियांचा सहभाग. २२ अरब देशांचे एकत्रित उत्पन्न एकट्या स्पेनपेक्षा कमी होते. एके काळी बगदादच्या अनुवादकांनी ग्रीक विद्या जगासाठी वाचवली. त्याच अरबी भाषेत वर्षाकाठी जेमतेम ३३० पुस्तके अनुवादित होत असल्याची नोंद अहवालाने केली होती.

बद्रची विहीर आणि कुफ्याची मशीद

फरीद यांच्या लेखनात राज्यशास्त्र आहे, धर्मचर्चा बेताचीच. पण रमजानच्या महिन्यात हा विषय निघाला की इस्लामच्या आरंभीच्या दोन घटना आठवल्याशिवाय राहत नाहीत. दोन्ही रमजानमध्येच घडल्या.

पहिली हिजरी सन २ मधील, म्हणजे इसवी सन ६२४ मधील. १७ रमजानला बद्रची लढाई झाली. त्याआधी प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांनी सैन्याचा तळ एका ठिकाणी टाकला. हुबाब नावाच्या एका साथीदाराने विचारले, ही जागा ईश्वरी आदेशाने ठरली आहे की हे तुमचे स्वतःचे मत आहे? मत आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्याने सुचवले की, शत्रूच्या जवळची विहीर आपण ताब्यात घेऊ. प्रेषितांनी सल्ला मानला आणि तळ हलवला. चरित्रकारांनी ही आठवण जपली आहे. या विचारविनिमयाला अरबीत 'शूरा' म्हणतात. कुरआनच्या ४२ व्या सूरेचे नावच अश-शूरा आहे, आणि आपसांत सल्लामसलत करून कारभार चालवणे हे श्रद्धावंतांचे लक्षण म्हणून तिथे सांगितले आहे.

दुसरी घटना हिजरी सन ४० मधील, इसवी सन ६६१. आजच्या इराकमधील कुफा शहरात चौथे खलिफा हजरत अली (रजि.) यांच्यावर मशिदीत हल्ला झाला आणि २१ रमजानला ते शहीद झाले. पहिले चार खलिफा वेगवेगळ्या पद्धतींनी, पण लोकांच्या संमतीने निवडले गेले होते. त्यानंतर सत्ता बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. खिलाफत संपली आणि 'मुलूकियत' म्हणजे राजेशाही सुरू झाली, असे मुस्लिम इतिहासकार सांगतात. आजच्या अरब राजघराण्यांची परंपरा शूराची नव्हे, मुलूकियतची आहे.

हा मुद्दा मुंबईतील आणखी एका अभ्यासकाने आयुष्यभर लावून धरला, असगर अली इंजिनिअर यांनी. शिक्षणाने ते खरोखरच स्थापत्य अभियंते. मुंबई महापालिकेत सुमारे वीस वर्षे नोकरी करून ते समाजकार्यात उतरले. १९८० च्या त्यांच्या इस्लामी राज्यावरील पुस्तकात त्यांनी दाखवले की, कुरआन न्याय्य समाजाची कल्पना देतो, सरकारचा ठरावीक साचा देत नाही. राजेशाहीला धर्माचे कवच देणे म्हणूनच चुकीचे. अरब देशांत लोकशाही नाही याला टोळ्यांची व्यवस्था, सरंजामशाही आणि तेलासाठी राजांना पाठीशी घालणाऱ्या परकीय सत्ता जबाबदार आहेत, असे ते म्हणत. २००४ मध्ये त्यांना स्वामी अग्निवेश यांच्यासह राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आर्य समाजाचे स्वामी आणि बोहरा समाजातील सुधारक यांनी तो एकत्र स्वीकारावा, हेही याच देशात घडू शकले.

सिद्धांताची परीक्षा

फरीद यांच्या मांडणीतला वादाचा भाग पुढे येतो. आधी कायद्याचे राज्य, स्वतंत्र न्यायालये आणि खुला व्यापार येऊ द्या, निवडणुका नंतर, असा त्यांचा क्रम. घाईने निवडणूक घेतली तर सत्ता अनुदार लोकांच्या हाती जाईल, ही भीती. कुवेतचे उदाहरण ते देतात. १९९९ मध्ये तिथल्या अमीरांनी स्त्रियांना मताधिकार देऊ केला आणि निवडून आलेल्या संसदेनेच तो थोडक्या मतांनी फेटाळला. स्त्रियांना तो मिळायला २००५ उजाडले.

हे ऐकायला पटते. पण टीकाकार विचारतात, आधी कायदा येणार कसा? इजिप्तमध्ये १९८१ पासून तीन दशके आणीबाणीचा कायदा लागू होता. तेवढ्या काळात मुबारक यांनी ना न्यायालये मोकळी केली, ना वर्तमानपत्रे. 'अजून लोक तयार नाहीत' हे वाक्य तर हुकूमशहांचे आवडते. आपल्याविषयीही इंग्रज तेच म्हणत. १९५१-५२ मध्ये सुमारे १७ कोटी मतदारांच्या, बहुतांश निरक्षर आणि गरीब भारताने पहिली सार्वत्रिक निवडणूक घेतली. उत्पन्नाच्या कोष्टकात भारत कुठेच बसत नव्हता. तरी ही लोकशाही टिकली. इराकवरील २००३ च्या आक्रमणालाही फरीद यांनी सुरुवातीला पाठिंबा दिला होता. सैन्य बरखास्त करण्यासारख्या अमेरिकेच्या निर्णयांवर त्यांनी नंतर कडक टीका केली. पण बाहेरून लष्कर धाडून कायद्याचे राज्य उभे राहत नाही, हा धडा इराकी जनतेला फार महागात पडला.

खरी परीक्षा २०११ मध्ये झाली. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बुझिद या गावात मोहंमद बुअझिझी या फळविक्रेत्याने गाडी जप्त झाल्यावर स्वतःला पेटवून घेतले. महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. फेब्रुवारीत इजिप्तचे मुबारक पायउतार झाले. २०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोर्सी निवडून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःचे आदेश न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. अनुदार लोकशाही ती हीच. पण उतारा रोगापेक्षा भयंकर निघाला. जुलै २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवले. त्यांच्या समर्थकांनी तो रमजान कैरोच्या राबा चौकात धरणे धरून काढला. ईद झाली आणि १४ ऑगस्टला तो चौक गोळीबाराने रिकामा करण्यात आला. शेकडो माणसे मारली गेली.

कैरोच्या गल्लीत आकुर्डीचे नाव

या राजकारणाशी पिंपरी-चिंचवडचा काही संबंध नाही असे वाटत असेल, तर कैरोची एखादी गल्ली पाहावी. तिथे धावणारी तीनचाकी 'टुकटुक' प्रामुख्याने बजाजची असते. कंपनीचे मुख्यालय आकुर्डीत, तीनचाकींचा कारखाना वाळूजमध्ये, म्हणजे डॉ. रफिक झकेरिया यांच्या जुन्या कर्मभूमीत. शिकून नोकरी न मिळालेल्या हजारो इजिप्शियन तरुणांचे पोट या वाहनावर चालते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अशाच एका चालकाला टीव्हीच्या कार्यक्रमात रस्त्यावर गाठून विचारण्यात आले, शिक्षण काय? आपण टुकटुकचे पदवीधर आहोत, असे तो म्हणाला. मग काही मिनिटे तो थांबलाच नाही. साखर-तांदूळ मिळत नाही, पडद्यावर दिसणारा देश वेगळा आणि रस्त्यावरचा वेगळा, देश उभा राहायचा तर शिक्षण, आरोग्य आणि शेती सुधारा, असे त्याने सुनावले. लाखो लोकांनी ती चित्रफीत पाहिली. वाहिनीने ती आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. ज्या देशात रिक्षावाल्याच्या तीन मिनिटांच्या बोलण्याने सरकार अस्वस्थ होते, तिथे निवडणूक होते की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. आकुर्डीच्या स्टँडवर तीच भाषा रोज ऐकू येते आणि बोलणारा संध्याकाळी निवांत घरी जातो. हा फरक मतपेटीने एकटीने केलेला नाही. तो संविधानाने, न्यायालयाने आणि सवयीने केला आहे.

संस्था, लहान आणि मोठ्या

ट्युनिशियाचा अनुभव औद्योगिक पट्ट्यातील वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. २०१३ मध्ये तो देश यादवीच्या काठावर होता. तेव्हा चार संस्था पुढे आल्या: कामगार संघटनांचा महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार संघ आणि वकिलांची संघटना. त्यांनी भांडणाऱ्या पक्षांना एका टेबलाशी बसवले. जानेवारी २०१४ मध्ये नवे संविधान आले. २०१५ चे शांततेचे नोबेल या चौघांना मिळाले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या त्या कामगार महासंघाइतकी मोठी आणि स्वतंत्र संघटना इजिप्तमध्ये नव्हती. सौदी अरेबिया आणि अमिरातीत तर कामगार संघटना काढण्याचीच मुभा नाही. आखातात वेल्डिंग, फिटिंग करून परतलेल्यांना हे सांगायला नको.

दुर्दैवाने ट्युनिशियाचे यशही टिकले नाही. २५ जुलै २०२१ रोजी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनीच संसद गोठवली. २०२४ मध्ये ते नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले, मतदानाला मात्र तीस टक्केही लोक आले नाहीत. कुवेतमध्येही मे २०२४ मध्ये अमीरांनी संसद विसर्जित केली. निवडणुकीने आलेला माणूसच संस्था पोखरू शकतो, हा फरीद यांचा १९९७ चा इशारा या बाबतीत खरा ठरला. आपल्या पुस्तकात त्यांनी भारतातील संस्थांच्या झिजेविषयीही लिहिले आहे. तेव्हा हा इशारा केवळ अरबांसाठी समजायचे कारण नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नागरिक घरपट्टी, पाणीपट्टी भरत राहिले, पण तुंबलेल्या गटाराविषयी जाब विचारायला नगरसेवक नव्हता. आखातात राजाने कर मागितला नाही म्हणून प्रतिनिधी आला नाही. येथे कर होता, तरी प्रतिनिधी नव्हता. आणि या गोष्टीचा फारसा गवगवाही झाला नाही, हे अधिक चिंतेचे.

डॉ. रफिक झकेरिया यांनी धर्म आणि सत्ता यांच्या गल्लतीकडे लक्ष वेधले, फरीद यांनी निवडणूक आणि स्वातंत्र्य यांच्या गल्लतीकडे. दोघांच्या मांडणीत मतभेदाला जागा आहे. पण दोघांनीही एक समजूत मोडून काढली, की मुसलमान आणि लोकशाही यांचे मुळात जमतच नाही. या पट्ट्यातील मुसलमान कंपनीत युनियनच्या निवडणुकीत मत देतो, सोसायटीच्या सभेत हिशेब मागतो, मशिदीच्या ट्रस्टमध्ये विश्वस्तांशी वाद घालतो आणि विधानसभेच्या रांगेत सकाळी सात वाजता उभा राहतो. त्याच्यासाठी लोकशाही परकी नाही. बद्रच्या विहिरीपाशी हुबाबने विचारलेला प्रश्न, हा आदेश आहे की मत आहे, तो वर्षभर विचारत असतो. राज्यकर्ता कोणत्याही धर्माचा असो, त्याला हा प्रश्न विचारता आला पाहिजे आणि विचारणारा सुरक्षित राहिला पाहिजे. अरब जनता पंधरा वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरली ती एवढ्याचसाठी. आपल्याकडे हा हक्क आहे, आणि तो वापरण्यात ढिलाई करणे आपल्याला परवडणारे नाही.